पाहुणे एकटे परतत नाहीत

१

सकाळचा दुसरा चहा झाला, की मास्तर मरायला जात.

कप विसळून पालथा घालायचा, चष्मा काढून खिडकीत ठेवायचा, सपाता दाराबाहेर काढायच्या आणि बाईंच्या लिहिण्याच्या खोलीत जाऊन गालिच्यावर आडवं व्हायचं. "आज कसा मेलोय?" एवढंच ते विचारत. "पालथे," बाई सांगत, "डावा हात टेबलाखाली आणि तोंड दाराकडे." मग मास्तर सांगितल्याबरहुकूम पडत, डोळे मिटत आणि बाईंचं समाधान होईपर्यंत मेलेले असत.

हसू येईल असंच आहे हे. पण त्या घरात ते इतकी वर्षं चाललं होतं, की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत तेव्हा मरण्याची वेळ संध्याकाळची असे. मुलगी खेळून घरी आली, की दारातूनच विचारी, "बाबा उठले का मरून?" एकदा नवा पोस्टमन खिडकीतून डोकावला आणि पार्सल तिथेच टाकून पळत सुटला. जुन्या पोस्टमनने त्याला समजावलं, की अरे बाबा, ते रोजच मरतात.

बाई रहस्यकथा लिहीत. लिहीत म्हणजे काय, तर त्यांची नवी कादंबरी आली, की लोक दुकानासमोर रांग लावत आणि वाचनालयातल्या प्रती वर्षभरात शिवणीतून सुटत. मोठमोठ्या समीक्षकांनी त्यांची कधी दखल घेतली नाही. ते समीक्षकही आजारी पडले, की बायकोला वाचनालयात पाठवून बाईंचंच पुस्तक मागवत, हे वाचनालयवाल्याने मास्तरांना स्वतः सांगितलं होतं.

सुरुवात झाली ती विमा कंपनीच्या कचेरीत. बाई तिथे टायपिस्ट होत्या. मेलेल्यांच्या वारसांचे दावे टाईप करायचे, हे काम. कोण मेलं, कशाने मेलं, सगळं चार ओळींत आटपलेलं. "यात खोलीच नाही," असं म्हणत बाई घरी येऊन चिडचिड करायच्या. "माणूस मेला तेव्हा खिडकी उघडी होती का? समोरचा कप कुणाचा होता? कुणी विचारतच नाही." शेवटी त्यांनी स्वतःच विचारायला घेतलं आणि त्यातून पहिली कादंबरी झाली. ती अर्ध्यावर अडली तेव्हा, हाताला खडू लागलेले मास्तर नुकते शाळेतून आले होते. बाई म्हणाल्या, "अहो, जरा इथे पडता का?" मास्तर पडले. पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, इथून टेबलाचा खालचा खण उघडा दिसतोय. उभ्या माणसाला नाही दिसायचा." बाईंनी लिहिलेली सगळी पानं फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मास्तरांनी डोळे उघडे ठेवून उपयोग झाला तो तेवढाच. पुढे बाईंनी नियम केला, की मढ्याने डोळे उघडायचे नाहीत. "तुम्ही बघायला लागलात, की मला मढं दिसत नाही, मास्तर दिसतात."

गालिचा मात्र मास्तरांच्या पसंतीचा. जाड लवेचा, विटकरी रंगाचा. त्याच्यावरून हात फिरवला, की उलटी झालेली लव गडद दिसे आणि सुलटी फिकी. कागदावर पेन्सिलने छाया द्यावी, तशी. मास्तर उठले, की त्यांच्या आकाराचा एक गडद माणूस गालिच्यावर मागे राही. बाई त्याच्याभोवती फिरून जे बघायचं ते बघत आणि मग पायानेच त्याला पुसून टाकत.

२

बाईंच्या प्रत्येक कादंबरीत खून होतो, घर हादरतं, सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागतात आणि मग कुणीतरी आत येऊन सांगतं, "पाहुणे आलेत."

हे पाहुणे म्हणजे बाईंचा गुप्तहेर. त्याला दुसरं नाव नाही. त्याचा एक पाय जरासा आखूड आहे, म्हणून एका बुटाची टाच जाड. त्यामुळे चालताना एक पाऊल जड पडतं आणि एक हलकं. अंगातल्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. घरात शिरण्यापूर्वी तो पायपुसण्यावर बूट पुसतो, पुसतच राहतो, आतल्या लोकांचा धीर सुटेपर्यंत. मग सरळ मढ्याजवळ जातो, गुडघ्यावर बसतो, त्याच्या कानाशी तोंड नेतो आणि अगदी अदबीने विचारतो, "शेवटचं कोण भेटलं?"

मढं काय सांगतं ते वाचकाला ऐकू येत नाही. पाहुण्यांना येतं. शेवटच्या प्रकरणात पाहुणे खुन्यासमोर जाऊन नुसते उभे राहतात. बाईंचे खुनी पळत नाहीत, हातापाया पडत नाहीत. ते उठतात, आपली खुर्ची पुढे करतात आणि म्हणतात, "बसा." आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं वाक्य एकच असतं: पाहुणे एकटे परतत नाहीत. वाचकांना ते वाक्य तोंडपाठ होतं, तरी प्रत्येकजण तिथवर पोचला, की जरा सावरून बसत असे.

मास्तरांनी एकदा विचारलं होतं, "तुझे पाहुणे दिसतात कसे गं? तोंडाचं वर्णन तू कुठेच केलेलं नाहीस."

"मला कुठे माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "ते येतात तेव्हा मी मढ्याकडे बघत असते."

आता आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. खुनी कोण, हे अर्धी कादंबरी होईपर्यंत खुद्द बाईंनाही माहीत नसे. माणसं उभी राहिली, खोली मनासारखी झाली, की एका सकाळी त्या लेखणी खाली ठेवत, पडलेल्या मास्तरांजवळ गुडघ्यावर बसत आणि कानात विचारत, "शेवटचं कोण भेटलं?" मास्तरांनी जे पहिलं तोंडात येईल ते सांगायचं. जावई. माळी. डॉक्टर. एकदा ते चुकून दूधवाला म्हणाले. पुस्तकात दूधवालाच नव्हता! बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी पहिल्या पानापासून एक दूधवाला आणला, रोज दारात उभा केला, वाचकांना त्याचा लळा लावला. आणि शेवटी तोच निघाला तेव्हा लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आपण पाहिलं नाही, असंच प्रत्येकाला वाटलं. वाचकापासून बाईंनी जन्मात काही लपवलं नाही. लपवणं म्हणजे त्यांच्या मते चोरी होती.

अट एकच. पहिलं जे येईल तेच सांगायचं, विचार करून नाही. "मढं खोटं बोलत नाही," बाई म्हणत. "त्याला आता भीती कसली?"

मास्तरांना याचं श्रेय कधी नको होतं. आपल्या तोंडून निसटलेल्या एका शब्दाभोवती ही बाई असं काही विणते, की तिथे दुसरा शब्द असूच शकला नसता असं वाटावं, याचंच त्यांना नवल वाटे. इतकी वर्षं झाली, तरी ते नवल ओसरलं नव्हतं.

३

शेवटची कादंबरी लिहायची, असं बाईंनी ठरवलं तेव्हा प्रकाशक घरी येऊन रडकुंडीला आला. "बाई, निदान पाहुण्यांना तरी ठेवा. दुसरं कुणीतरी पुढे चालवेल."

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांचंही वय झालं. आता त्यांनी एकदा येऊन जावं, की झालं."

प्रकाशक गेल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं, की या वेळी घर आपलंच घेतलंय. "आजवर दुसऱ्यांच्या घरात माणसं मारली. शेवटी एकदा आपल्याकडे."

"मेलाय कोण?"

"निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बायकोच्या लिहिण्याच्या खोलीत."

"बरा होता का माणूस?"

"फार बरा होता," बाई म्हणाल्या. "म्हणून तर वाईट वाटतंय." आणि त्यांनी मास्तरांच्या कॉलरवरचा बिस्किटाचा चुरा झटकला.

त्या दिवशी मास्तर उजव्या कुशीवर मेले. खोलीतले आवाज त्यांना पाठ होते. खुर्ची मागे सरकल्याचा, लेखणीचा, आणि विचार करताना बाई बांगडी मनगटावर फिरवत, त्याचा. मग स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि बाई उठून गेल्या. मुलीचा फोन होता. बाईंचं मोठ्याने हसणं ऐकू येत होतं. मास्तर तसेच पडून राहिले. उगाच उठा आणि पुन्हा पडा, गुडघ्यांना कोण विचारतो.

तेवढ्यात बाहेरच्या दाराशी कुणीतरी पायपुसण्यावर बूट पुसू लागलं.

मास्तरांना वाटलं, केरवाली असेल. पण केरवाली चपला घालते आणि त्या कधी पुसत नाही. मग वाटलं, शेजारी आले असतील; आता हाक मारतील. हाक आली नाही. बूट नुसते पुसले जात होते, आधी एक, मग दुसरा, पुन्हा पहिला. आणि मग ते थांबलं. स्वयंपाकघरात बाईंनी फोन ठेवला आणि त्या परत येऊन बसल्या.

"कोण आलं होतं?" डोळे न उघडता मास्तरांनी विचारलं.

"कोण येणार? कडी आतून आहे. आणि मढ्यांनी बोलू नये."

दुपारी मास्तर मुद्दाम दाराशी जाऊन आले. कडी होतीच. पायपुसणं मात्र तिरकं झालं होतं, बाई ते कधी तिरकं राहू देत नसत. मास्तरांनी पायाने ते सरळ केलं.

४

काही दिवस तेवढंच झालं. मग एका सकाळी बूट पुसून झाले आणि पावलं आत आली.

पॅसेजच्या फरशीवर ती स्पष्ट वाजली. एक जड, एक हलकं. मास्तरांना आधी हसूच आलं. बाई अधूनमधून हा उद्योग करत. मास्तरांचा एक बूट पायात चढवून पाहुण्यांसारखं चालून बघत. आज फारच झकास जमलं होतं. पावलं खोलीच्या दारापर्यंत आली आणि मग ऐकू येईनाशी झाली, कारण आता गालिचा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मास्तरांनी मनात म्हटलं, वा, आज कोटसुद्धा काढला वाटतं कपाटातून.

उठल्यावर ते म्हणाले, "आज चालणं छान जमलं हं."

"कुणाचं?"

"तुझं. पाहुण्यांचं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी जागची हललेले नाही. त्या खिडकीच्या परिच्छेदाने सकाळ खाल्ली माझी." आणि मग, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मास्तर माणूस सरळ डोक्याचा. जन्मभर पोरांना सांगत आले, की जे दिसतंय ते काढा, जे माहीत आहे ते नको. त्यांनी स्वतःलाही तेच सांगितलं. डोळे मिटून पडलेल्या म्हाताऱ्याला काय, कशाचेही आवाज येतील. ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बत्ती मारून पाहिली आणि ते म्हणाले, "मळ नाही. या वयात कान स्वतःच आवाज करतात, मास्तर. लक्ष देऊ नका."

कानाला वासही येतो का, हे विचारायचं मास्तरांच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण डॉक्टर बाईंचे वाचक होते; त्यांनी नुसतं नव्या कादंबरीचं विचारलं, आणि मास्तरांनी नेहमीच्या अभिमानाने सांगितलं, की ही सगळ्यांत चांगली होणार. ते खरंच होतं. बाई रोज संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवत. स्वतःचंच घर, स्वतःचीच खोली. पण बाईंच्या तोंडून ऐकताना मास्तरांना वाटे, आपण इथे इतकी वर्षं राहिलो आणि काहीच पाहिलं नाही. खिडकीचा उजेड कपाटाच्या काचेवरून उलटून भिंतीवर कुठे पडतो, हे चित्रकलेच्या मास्तरांना बायकोच्या पुस्तकातून कळलं.

५

त्या दिवशी मास्तर उताणे मेले होते. बाईंनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली, "फार वेळ नाही घेणार," म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. लेखणी सुरू झाली. लेखणीचा हा आवाज नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे जे झालं ते होत असताना तो एकदाही थांबला नाही.

बूट पुसले गेले. एक जड, एक हलकं. मग गालिचा. वास जवळ आला, इतका जवळ, की मास्तरांना शिंक आवरावी लागली. कुणीतरी शेजारी गुडघ्यावर बसलं. सांध्याचा कट्ट आवाज झाला. कानाजवळची केसांची बट हलली.

"शेवटचं कोण भेटलं?"

आवाज मऊ होता, थकलेला, आणि अतिशय सभ्य. बाईंचा नव्हता. बाई टेबलापाशी लिहीत होत्या.

सवय वाईट असते. इतक्या वर्षांच्या सवयीने उत्तर आपोआप जिभेवर आलं आणि ते होतं, "बायको." खोटं काय त्यात? शेवटची उशी तिनेच सरकवली होती. शब्द अगदी दातांपर्यंत आला आणि तिथे मास्तरांना ते शेवटचं वाक्य आठवलं. पाहुणे एकटे परतत नाहीत. आपण नाव घेतलं, तर हे तिला घेऊन जाणार. कुठे, कसं, ते मास्तरांना कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. लेखणी शांतपणे चालली होती.

"कुणी नाही," मास्तर ओठांतल्या ओठांत म्हणाले. "मी एकटाच होतो."

मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. मग तो सांधा पुन्हा वाजला. आता पावलं दाराकडे जातील, पॅसेजमध्ये वाजतील, म्हणून मास्तर कान देऊन पडले. ती वाजलीच नाहीत. वास तेवढा पुस्तकांच्या कपाटाकडे सरकला आणि तिथे थांबला.

थोड्या वेळाने बाईंनी लेखणी ठेवली. त्या स्वतः खाली बसल्या, मास्तरांच्या कानाशी वाकल्या. "सांगा मास्तर, शेवटचं कोण भेटलं?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"कुणीच नाही भेटलं. असाच मेलो."

बाई हसल्या नाहीत. "असं मढं कधी म्हणालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

६

त्यानंतर कादंबरी पुढे सरकेना.

बाईंचं असं कधी झालं नव्हतं. बाळंतपणात त्या लिहीत होत्या, आईच्या आजारपणात उशाशी बसून लिहीत होत्या. आता त्या कागद समोर घेऊन बसत आणि बांगडी फिरवत राहत. जेवणावरचं लक्ष उडालं. मास्तरांनी घाबरून सांगून पाहिलं, "अगं, आठवलं मला. डॉक्टर होता! डॉक्टरच होता."

"आता नाही चालायचं," बाई म्हणाल्या. "ते विचार करून सांगितलंत." आणि मग नजर न उचलता, "मला एक सांगा. त्या दिवशी खरंच तेच तोंडात आलं होतं?"

मास्तरांनी हो म्हटलं. बायकोशी ते जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे ते त्यांना नीट येत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि विषय सोडला.

गालिच्यावर कपाटाजवळ दोन गडद डाग दिसू लागले होते. डाग कसले, लव उलटी झालेली. शेजारी शेजारी, बुटांएवढे. डावा जरा जास्त दबलेला. मास्तर रोज सकाळी बाईंच्या आधी खोलीत जाऊन ते हाताने पुसत. चहा पिऊन येईपर्यंत ते पुन्हा तिथेच असत. कुणी एका जागी उभं राहून राहून पाय बदलावेत, तशी त्यांच्या कडांची लव विस्कटलेली असे. वाट बघणाऱ्या माणसाचे पाय होते ते. मास्तरांना त्यांची भीती वाटे, आणि कधीकधी, का कोण जाणे, जरा लाजही वाटे.

बाहेर जा, मुलीकडे राहून ये, असं त्यांनी बाईंना सुचवलं. बाई म्हणाल्या, "पुस्तक अर्धं टाकून?" तो प्रश्न असा होता, की त्याचं उत्तर त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

प्रकाशक येऊन गेला. झालेली पानं तिथेच बसून वाचताना त्याच्या हातातला चहा निवला. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही आजवर जे लिहिलंत ते सगळं याच्यासाठी हात बसावा म्हणून लिहिलं असणार. फक्त शेवट द्या."

"देते," बाई म्हणाल्या. "माझ्या मढ्याने दगा दिलाय. दुसरं मढं बघते."

मास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

७

सकाळ स्वच्छ होती. दुसरा चहा झाला. मास्तरांनी कप विसळून पालथा घातला आणि ते चष्मा काढणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "असू दे. आज तुम्ही खुर्चीत बसायचं."

"अगं, काहीतरीच काय!"

"सगळी मढी तुम्हीच केलीत. एकदा मलाही बघू दे, तिथून काय कळतं."

"तुझी कंबर धरेल. गार लागेल. मी सांगतो ना, डॉक्टर होता!"

"मास्तर," बाई म्हणाल्या. चिडून काही बोलायचं असलं, तरी त्या एवढंच म्हणत. आज मात्र त्यांचा आवाज चिडका नव्हता. "मला खोटा शेवट लिहिता येत नाही. आला असता, तर मागेच मोठी लेखिका झाले असते." त्या हसल्या, सपाता दाराबाहेर काढल्या, गालिच्यावर बसल्या आणि हळूहळू उताण्या झाल्या.

मास्तरांनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. कपाळावर आलेले केस मागे केले. आपण काय करतोय, हे त्यांना करून झाल्यावर कळलं.

"कशी दिसते?"

"मेल्यासारखी अजिबात दिसत नाहीस."

"होईल सवय. बसा तिकडे. आणि बोलू नका." बाईंनी डोळे मिटले.

मास्तर खुर्चीत बसले. टेबलावर पानांची चळत होती, वर लेखणी. कपाटाच्या काचेवरून उजेड उलटून भिंतीवर पडला होता, बाईंनी लिहिलं होतं अगदी तिथेच. मास्तरांनी कपाटाजवळ पाहिलं. बुटांच्या त्या दोन खुणा होत्या. त्यांच्या पुढे हातभर अंतरावर गालिचा फिका, सपाट होता.

ते बघत असताना तिथली लव दबली आणि गडद झाली.

मग तिच्या पुढची. डावी जास्त, उजवी कमी. आवाज काहीच नव्हता. कुणीतरी रंगाच्या कुंचल्याने एकेक पाऊल भरत यावं, तशी ती खूण बाईंपर्यंत आली आणि थांबली. मास्तरांना ओरडायचं होतं. जे दिसतंय ते बघ, त्यांनी स्वतःला बजावलं. आणि दिसत होतं ते एवढंच, की बाईंच्या शेजारी गालिच्यात दोन गुडघ्यांचे गोल खड्डे पडले आणि त्यांच्या कानाजवळचे पांढरे केस हलले. कुठेतरी एक सांधा वाजला.

बाईंनी विचार केला नाही. नियमच होता तसा.

"आमचे हे," त्या म्हणाल्या.

अगदी स्वच्छ म्हणाल्या, संध्याकाळी वाचून दाखवत त्या आवाजात.

मास्तरांना पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं, रागही नव्हता. खरंच आहे की, असं वाटलं. उशी कुणी सरकवली? केस कुणी मागे केले? पहिल्या पानापासून रोज याच खोलीत डोळ्यांसमोर पडून असलेला माणूस, ज्याच्याकडे वाचक चुकूनही संशयाने बघणार नाही. काय शेवट साधलाय हिने! सगळं समोर होतं आणि आपणही पाहिलं नाही. दुसरी कुणी असती, तर तिने नवऱ्याला सांभाळून घेतलं असतं, दुसरं नाव घेतलं असतं. हिने वाचकाला फसवलं नाही. मास्तरांचा ऊर भरून आला, इतक्या वर्षांत भरला नव्हता तेवढा.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जमलं. ऊठ आता. लिहून घे."

बाई उठल्या नाहीत. मढं करताना श्वास कसा अर्धाच घ्यायचा, पोट कसं हलू द्यायचं नाही, हे मास्तरांइतकं कुणाला माहीत असणार? ते बघत राहिले. बाई अर्धाही घेत नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांना ते मास्तरांहून चांगलं जमलं होतं.

गुडघ्यांचे खड्डे हळूहळू भरून आले. बुटांच्या खुणा जागच्या जागी वळल्या. एक गडद, एक जरा फिकी. टेबलाच्या या बाजूला, मास्तरांच्या सपाता काढलेल्या पायांसमोर, त्या येऊन थांबल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. इतके दिवस जे तोंड कुणी पाहिलं नव्हतं, ते आता कुठेतरी आपल्या तोंडासमोर असणार, हे मास्तरांना कळलं. आणि त्यांनी नजर खाली, बाईंच्या पानांवर ठेवली. शेवटच्या पानावर निम्मी जागा कोरी होती. त्यांनी लेखणी उचलली आणि ते एक वाक्य, जे सगळ्यांनाच पाठ होतं, बाईंच्या अक्षरासारखं होईल तितपत जपून खाली लिहिलं. पानांची चळत सरळ केली.

मग ते उठले. गुडघे नेहमीसारखे कुरकुरले. त्यांनी खुर्ची धरून पुढे केली.

"बसा," मास्तर म्हणाले. "बरेच दिवस तुम्हाला ताटकळत ठेवलं."

खुर्चीची गादी हळूहळू खाली दबली.